फ्रान्समध्ये मास्टर्स: पहिल्या तीन महिन्यांत काय आधी, काय नंतर?

टेकडीवरची वाट (विचारणा)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरपासून ल्यों शहरात भूगोलाच्या मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालाय. विद्यापीठ ल्यों-दोन, बरेचसे तास ब्रोंच्या पोर्त दे आल्प कॅम्पसवर. शिकवणं पूर्ण फ्रेंचमधून. माझी फ्रेंचची बी-२ पातळी झालीय, पण ते वर्गातलं फ्रेंच. दोन तासांचं व्याख्यान ऐकत टिपणं काढायची सवय अजिबात नाही. वय २३.

सगळीकडे चौकशी केली की एकच चक्र समोर येतं. घरमालक म्हणतो फ्रान्समधलं बँक खातं दाखवा, बँक म्हणते पत्त्याचा पुरावा दाखवा, आरोग्य विमा म्हणतो दोन्ही दाखवा. नेमकी सुरुवात कुठून करायची? कुठलं काम आधी केलं नाही तर पुढचं अडतं, हे कुणी क्रमाने सांगेल का?

शिवाय हे थोडक्यात कळलं तर बरं: लांबून खोली ठरवताना फसवणूक कशी टाळायची, परीक्षा आणि गुण आपल्यापेक्षा कुठे वेगळे पडतात, आणि शाकाहारी (अंडं चालतं) माणसाने सामानात काय न्यावं. पॅरिसचे अनुभव बरेच वाचले, ल्योंबद्दल कमी सापडतं.

शिक्कामोर्तब

चक्र आहे हे खरं, पण ते एका जागी फोडता येतं आणि ती जागा म्हणजे विद्यापीठाचा प्रवेश. म्हणून सुरुवात सेवेकपासून. ही विद्यार्थी-सुविधांसाठीची सक्तीची वर्गणी. २०२५-२६ साठी १०५ युरो होती, दरवर्षी थोडी वाढते. ती ऑनलाइन भरली की एक प्रमाणपत्र मिळतं. त्याच्याशिवाय विद्यापीठ प्रशासकीय प्रवेश पुरा करत नाही. प्रवेश पुरा झाला की हातात येतं सेर्तिफिका द स्कोलारिते (त्या वर्षाच्या नोंदणीचा दाखला). पुढे बँक, विमा, प्रवासाचा पास, सगळे आधी तोच मागतात. त्याची पीडीएफ फोनमध्ये आणि पाचएक छापील प्रती बॅगेत ठेवा.

तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात व्हिसा कार्यान्वित करा. तुमचा व्हिसा व्हीएलएस-टीएस प्रकारचा असेल, म्हणजे पहिल्या वर्षाचा रहिवासी परवाना तोच. मात्र फ्रान्समध्ये आल्यापासून तीन महिन्यांच्या आत गृहमंत्रालयाच्या पोर्टलवर तो 'व्हालिदे' करावा लागतो. लागतं एवढंच: व्हिसावरचा क्रमांक, प्रवेशाची तारीख, फ्रान्समधला पत्ता, ईमेल आणि शुल्कासाठी कार्ड. वीस मिनिटांचं काम आहे, म्हणूनच लोक ते पुढे ढकलत राहतात. तीन महिने उलटले की तुमचं वास्तव्य बेकायदा ठरतं आणि एकदा बाहेर पडलात तर पुन्हा आत येता येत नाही. विमान फ्रँकफर्ट किंवा ॲम्स्टरडॅममार्गे असेल तर शेंगेनमधल्या प्रवेशाची नोंद तिथेच होते, ल्योंला नाही. त्यामुळे बोर्डिंग पास जपून ठेवा. पत्ता नंतर बदलला तरी चालतो, त्याच पोर्टलवर कळवायचा.

आता बँक. पत्त्याचा पुरावा म्हणून फक्त भाडेकरारच चालतो असं नाही. ज्यांच्याकडे उतरला आहात त्यांनी दिलेलं आतेस्तासियों देबेर्जमां (राहू देत असल्याचं सहीचं पत्र), सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि त्यांच्या नावाचं वीजबिल, असे तीन कागद मिळून पत्ता सिद्ध होतो. विद्यार्थी वसतिगृहाचा दाखलाही चालतो. खातं उघडलं की 'रिब' काढून घ्या, म्हणजे आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) असलेलं खात्याचं पान. सगळे तेच मागतात. फोनवरच्या ऑनलाइन बँकांची खाती झटपट उघडतात, पण काहींचा आयबॅन दुसऱ्या देशाचा असतो. कायद्याने तो नाकारता येत नाही, तरी काही कार्यालयांचे फॉर्म तो घेतच नाहीत. एफआर ने सुरू होणारा आयबॅन असेल तर ही कटकट उरत नाही. बँक खातं द्यायला नकारच देत असेल तर लेखी नकार मागा. तो घेऊन बांक द फ्रांसकडे (तिथली मध्यवर्ती बँक) गेलात की ती एखाद्या बँकेला खातं उघडायला लावते.

आरोग्य विमा: परदेशी विद्यार्थ्यांसाठी अमेलीचं (सरकारी आरोग्य विम्याची साइट) वेगळं पोर्टल आहे, नोंदणी मोफत. पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीचा दाखला, रिब आणि जन्मदाखला लागतो. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते जन्मदाखल्यावर, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

एक तर दाखल्यावर आईवडिलांची नावं हवीत. दुसरं, बाळाचं नाव नोंदवायचं राहून गेलेले जुने दाखले आपल्याकडे बरेच आहेत. 'मुलगी' एवढंच लिहिलेला दाखला तिथे चालणार नाही, निघण्याआधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्या. तिसरं, पासपोर्टवर आपण नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही लिहितो, दाखल्यावर मात्र एकच असतं. तिथला कारकून दोन वेगळ्या व्यक्ती समजतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र इथूनच करून नेलेलं उत्तम. दाखल्यावर अपॉस्टिलही (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा शिक्का) इथेच करून घ्या: आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल. फ्रेंच अनुवाद मात्र फ्रान्समधल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच करा. अपील न्यायालयांच्या याद्यांमध्ये त्यांची नावं असतात. इथे केलेला अनुवाद तिथे नाकारला गेला तर पैसे दोनदा जातात.

अर्ज मान्य झाला की आधी तात्पुरता क्रमांक येतो, ७ किंवा ८ ने सुरू होणारा. कायमचा क्रमांक पुरुषांचा १ ने आणि स्त्रियांचा २ ने सुरू होतो, पुढे जन्मवर्ष, महिना, आणि परदेशात जन्मलेल्यांसाठी ९९. तो आला की जन्मवर्ष आणि महिना बरोबर आहेत का ते लगेच ताडून पाहा, कारण चूक मागाहून दुरुस्त करणं फार वेळखाऊ आहे. कार्त विताल (हिरवं कार्ड) टपालाने यायला महिने लागू शकतात. तोवर डॉक्टरांकडून 'फय द स्वँ' हा कागद घ्या आणि साठवून ठेवा. दोन वर्षांपर्यंत पाठवून पैसे परत मागता येतात.

एक लहान पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: टपालपेटीवर तुमचं आडनाव. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, विम्याची पत्रं वेगळी. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन 'या पत्त्यावर राहत नाही' असा शिक्का मारून ते परत पाठवतो आणि तुम्हाला काही कळतही नाही. पासपोर्टवर जसं आहे तसंच आडनाव रोमन लिपीत, ठळक मोठ्या अक्षरांत, कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटपट्टीने लावा. कुणाकडे राहत असाल तर त्यांच्या नावाखाली तुमचं लावा. हे राहायला गेल्याच्या पहिल्याच दिवशी करा.

उंबरठा

खोलीबद्दल मी सांगतो.

फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. शहराच्या मध्यावर सुंदर घर, भाडं आसपासच्या निम्मं, मालक 'सध्या परदेशात', आणि किल्ली कुरिअरने पाठवतो पण आधी दोन महिन्यांचं भाडं पाठवा. खोली तुम्ही किंवा तुमच्या विश्वासातल्या कुणी प्रत्यक्ष पाहिलेली नसताना आणि करारावर दोन्ही सह्या नसताना एक युरोही पाठवायचा नाही. खोली बघायचे किंवा 'आरक्षणाचे' पैसे खासगी मालकाला मागता येत नाहीत. पासपोर्टची प्रत पाठवायचीच झाली तर तिच्यावर तिरकं 'फक्त भाड्याच्या अर्जासाठी' आणि तारीख असं फ्रेंचमध्ये लिहून मग पाठवा.

लांबून ठरवायचं असेल तर क्रूस या सरकारी विद्यार्थी-सेवा संस्थेचं वसतिगृह पहिल्या पसंतीचं. जुन्या इमारतींत खोली नऊ चौरस मीटरची असते, पण वीज, पाणी, इंटरनेट भाड्यातच येतं. मुख्य वाटप झाल्यावर उरलेल्या खोल्या जुलैपासून क्रूसच्या साइटवर सगळ्यांसाठी खुल्या होतात. त्या दिवसांत रोज सकाळी पाहा, खोल्या तासाभरात जातात. तेही जमलं नाही तर पहिले तीन-चार आठवडे कुठेतरी तात्पुरतं राहून मग प्रत्यक्ष शोधा. ऑगस्टच्या शेवटी ल्योंमध्ये झुंबड असते, ऑक्टोबरच्या मध्याला ओसरते.

पोर्त दे आल्पला ट्राम टी २ जाते. त्यामुळे शहराच्या मध्यावर राहण्याचा हट्ट नको. ग्रांज ब्लांश, ब्रों, किंवा मेट्रो डी वर व्हेनिसियपर्यंत कुठेही बघा. डी ने ग्रांज ब्लांशला यायचं आणि तिथून टी २ पकडायची. भाडं कमी, आणि सकाळचा प्रवासही कमी.

जामीनदार हा मोठा अडथळा. मालकाला फ्रान्समध्ये पगार असलेला हमीदार हवा असतो. त्यासाठी 'विझाल' ही मोफत हमी आहे, आक्सियों लोजमां ही संस्था देते. एकतिसाव्या वाढदिवसापर्यंत विद्यार्थ्यांना मिळते. व्हिसा हातात आला की भारतात असतानाच अर्ज करा आणि मंजुरीचा कागद काढून ठेवा. गोची इथे होते: करारावर सही होण्याआधी मालकाने आपल्या बाजूने त्याच साइटवर तुमचा क्रमांक टाकून हमीपत्र काढायला हवं. आधी सही आणि मग विझाल असं चालत नाही.

करार 'मब्ले' म्हणजे सामानासकट घराचा असेल तर अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांचं मूळ भाडं, वरचे आकार न धरता. नऊ महिन्यांचा विद्यार्थी करार मे-जूनमध्ये संपतो आणि आपोआप वाढत नाही. मास्टर्सवाल्यांना त्याच सुमारास प्रकल्प किंवा इंटर्नशिप असते. त्यापेक्षा एक वर्षाचा मब्ले करार बरा, कारण एक महिन्याची सूचना देऊन कधीही सोडता येतो.

किल्ली घेताना 'एता दे लिय' होतो, म्हणजे घराच्या अवस्थेची लेखी नोंद. यात घाई करू नका. नळ उघडून बघा, कमोडचं पाणी सोडा, खिडकी बंद होते का, गादी उलटून डाग आहेत का, शेगडीची प्रत्येक चकती तापते का. भिंतीवरचा ओरखडा, फरशीची चीर, सगळं लिहून घ्या आणि तारखेसह फोटो काढा. सुटलेलं काही दिसलं तर दहा दिवसांच्या आत लेखी दुरुस्ती मागता येते. जाताना नोंद जुळली तर अनामत एका महिन्यात परत मिळायला हवी, फरक निघाला तर दोन महिन्यांत. अनामत कापली जायचं नेहमीचं कारण म्हणजे बुरशी. थंडीत खिडक्या बंद, कपडे खोलीतच वाळत घातलेले, आणि गार वारा येतो म्हणून हवेची जाळी कागदाने बुजवलेली. ती जाळी बुजवायची नसते. रोज दहा मिनिटं खिडकी सताड उघडी ठेवा, हीटर बंद करून.

घराचा विमा भाडेकरूला कायद्यानेच लागतो, त्याचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय किल्ली मिळत नाही. विजेचं खातं तुमच्या नावावर करायचं असेल तर मीटरचा १४ अंकी क्रमांक लागतो. हिरवट पिवळ्या लिंकी मीटरवर अधिकचं बटण दाबत गेलात की तो पडद्यावर येतो. आधीच्या भाडेकरूचं नावही विचारून ठेवा.

काफच्या (कुटुंबभत्ते देणारी सरकारी संस्था) घरभाडे मदतीबद्दल: ज्या महिन्यात राहायला गेलात त्या महिन्याची मदत मिळत नाही. सप्टेंबरात गेलात तर हक्क ऑक्टोबरपासून, आणि पैसे नोव्हेंबरच्या पाच तारखेच्या सुमारास. अर्ज उशिरा केला तर मागचे महिने बुडतात. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या अटी कडक होत चालल्यात, तेव्हा जायच्या आधी काफच्या साइटवर चालू नियम बघा आणि बजेट मदत शून्य धरूनच बांधा.

टेकडीवरची वाट

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. जन्मदाखला आत्ताच काढून पाहिला: त्यावर फक्त माझं नाव, पासपोर्टवर वडिलांचंही. प्रतिज्ञापत्राच्या मागे लागते. आता खरी भीती वाटते ती तासांची. भाषा कळली नाही तर?

कोरी वही

भीती साहजिक आहे, पण ती योग्य जागी वळवा. व्याख्यानं न समजल्याने फारसं कुणी नापास होत नाही. गैरहजेरीमुळे आणि कागदी नोंदणी राहिल्यामुळे होतात.

तीन प्रकारचे तास असतात. सेएम म्हणजे मोठ्या सभागृहातलं व्याख्यान, तेदे म्हणजे लहान गटाचा सराव-वर्ग, तेपे म्हणजे प्रात्यक्षिक. भूगोलात नकाशांचं सॉफ्टवेअर वगैरे तेपेत येईल. सेएमची हजेरी बहुधा घेत नाहीत, तेदेची घेतात. ठरावीक संख्येपेक्षा जास्त विनाकारण गैरहजेऱ्या झाल्या की त्या विषयात 'देफायां' असा शेरा पडतो, आणि मग बाकीचे गुण कितीही चांगले असले तरी सत्र उत्तीर्ण होत नाही. ही संख्या विद्यापीठागणिक, कधी विभागागणिक वेगळी असते. आजारी असाल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र विभागाच्या कार्यालयात मुदतीच्या आत पोचायला हवं, प्राध्यापकांना तोंडी सांगून भागत नाही.

दुसरा खड्डा: प्रवेश दोन असतात. प्रशासकीय प्रवेश झाला की बरेच जण निर्धास्त होतात. पण सत्राच्या सुरुवातीला एँस्क्रिप्सियों पेदागोजिक वेगळी करावी लागते, म्हणजे कुठले विषय, कुठला तेदे गट. ती राहिली तर परीक्षेच्या यादीत नाव येत नाही. विद्यापीठाने दिलेल्या ईमेलवरच सगळ्या सूचना येतात, तो पत्ता फोनला जोडून टाका.

गुण २० पैकी. १० ला उत्तीर्ण, १२ ला 'आसे बियँ', १४ ला 'बियँ', १६ ला 'त्रे बियँ'. आपल्याकडच्या टक्क्यांशी तुलना करून खचू नका. १३ म्हणजे चांगलं काम, आणि १७ फार क्वचित दिसतो. कमी गुणांचा विषय दुसऱ्या विषयाने भरून निघतो का, किमान किती हवेत, पुनर्परीक्षा म्हणजे रात्रापाज आहे का, हे सगळं विभागाच्या मूल्यमापन-नियमांच्या कागदात असतं. शिकवणं सुरू झाल्यापासून महिन्याभरात तो ठरलेला असायला हवा. शोधून काढा आणि शेवटपर्यंत वाचा. मास्टर्सला तर नक्कीच, कारण काही अभ्यासक्रमांत पुनर्परीक्षा सगळ्या विषयांना नसते.

आता टिपणं. पहिले सहा आठवडे सगळं उतरवायचा प्रयत्न सोडा. पानाच्या उजवीकडे तिसरा भाग मोकळा ठेवा. डावीकडे फक्त शीर्षकं, नावं, वर्षं, आकडे आणि फळ्यावर आलेलं सगळं. उरलेलं त्याच संध्याकाळी वर्गमित्राच्या टिपणांवरून उजवीकडे भरा. दोन दिवसांनी बसलात तर आवाज डोक्यातून गेलेला असतो. फ्रेंच मुलं शब्द जसेच्या तसे लिहीत नाहीत: शेवटी 'सियों' येणाऱ्या शब्दांचं शेपूट काढून वर एक लहान गोल टाकतात, 'मां' या शेपटाची 'एम' आणि 'टी' ही दोनच अक्षरं ठेवतात. सुरुवातीलाच कुणाकडून तरी ही लघुरूपं समजून घ्या, नाहीतर त्यांची वही वाचता येणार नाही. टिपणं मागायला संकोच नको, तिथे ते सर्रास चालतं. पण व्याख्यान रेकॉर्ड करायचं असेल तर प्राध्यापकांची परवानगी आधी घ्या.

कानाची तयारी इथूनच सुरू करा. आरएफआय रेडिओची सोप्या फ्रेंचमधली दहा मिनिटांची बातमीपत्रं मजकुरासह मिळतात. एकदा नुसतं ऐका, एकदा वाचत ऐका, पुन्हा नुसतं. ती सोपी वाटू लागली की फ्रांस क्युल्त्युरवरच्या भूगोलाच्या चर्चा. बोलताना लोक 'न' गाळतात आणि शब्द एकमेकांत मिसळतात, 'ज न से पा'चं (मला माहीत नाही) नुसतं 'शेपा' होतं. आणि आकडे! फोन नंबर जोडीजोडीने सांगतात, साठच्या पुढचे आकडे ऐकून लिहायचा सराव रोज पाच मिनिटं करा. वर्ग कशाला, बँकेच्या फोनवरसुद्धा सगळं याच आकड्यांवर अडतं. हाताने लिहिताना ७ ला मधे आडवी रेघ द्या. त्यांचा १ वरून लांब तिरकी रेघ असलेला असतो, बिनरेघेचा ७ त्यांना १ वाटतो. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम.

लेखी उत्तरांत माहितीचा ढीग घातला तर गुण मिळत नाहीत. आधी 'प्रोब्लेमातिक' म्हणजे उत्तरातून सोडवायचा एक नेमका प्रश्न मांडायचा, मग दोन किंवा तीन भागांचा आराखडा प्रस्तावनेतच सांगायचा, आणि एका भागातून दुसऱ्यात जाताना एक-दोन जोडवाक्यं. पंधरा-वीस मिनिटांचं तोंडी सादरीकरण असेल तरी ढाचा हाच. आपल्याकडची 'मुद्दे लिहा' पद्धत तिथे अपुरी समजतात. भाषेच्या चुकांपेक्षा आराखडा नसणं जास्त महाग पडतं. परदेशी विद्यार्थ्यांना परीक्षेत छापील शब्दकोश चालतो का, हे सत्राच्या सुरुवातीलाच लेखी विचारून ठेवा.

प्राध्यापकांना ईमेल लिहिताना 'बोंजूर मादाम' किंवा 'बोंजूर मसिय', दोन ओळींत काम, शेवटी 'कोर्दियालमां', खाली पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक आणि गट. कार्यालयात किंवा दुकानात शिरल्यावर आधी बोंजूर म्हणा, मगच प्रश्न. न म्हणता थेट विचारलंत तर समोरचा माणूस तुटक वागतो आणि आपल्याला वाटतं भाषेमुळे वागला.

मन फार खालावलं तर विद्यार्थ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांची वर्षाला १२ मोफत सत्रं आहेत, 'सांते प्सी एत्युदियां' या नावाने. नोव्हेंबरात संध्याकाळी पाचला अंधार पडतो, त्याचा परिणाम होतोच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, वेळेवर जा.

फोडणीची वाटी

जेवण आणि सामान.

युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, दूध पावडर नको. ताजी फळं-भाज्या-पानंही नकोत: आंबे, कढीपत्ता, आळूची पानं विमानतळावर काढून घेतली जातात. केळं, नारळ, अननस, खजूर, दुरियन एवढ्यांना सूट आहे. गोडा मसाला, मेतकूट, वाळवलेला कढीपत्ता, हिंग, आमसुलं, चटण्या बिनधास्त न्या, पण घट्ट बंद पाकिटात आणि वर नाव लिहून.

डाळी नेऊन वजन वाया घालवू नका. साध्या सुपरमार्केटात 'लांतीय कोराय' म्हणजे आपली मसूर डाळ, 'प्वा शिश' म्हणजे छोले, 'प्वा कासे' म्हणजे सोललेले वाटाणे. बेसन 'फारिन द प्वा शिश' नावाने मिळतं. दह्याऐवजी 'फ्रोमाज ब्लां' कढीला चालतो, 'ले रिबो' तर जवळपास ताकच. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ यांसाठी गियोतिएर भागातली आशियाई दुकानं बघा, मेट्रो डी वरच आहे.

कुकर न्यायचा तर स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तर चालेल. एक जादा रिंग आणि शिट्टीचं वजन घ्या. आपल्या दोन गोल पिनांचे चार्जर तिथे बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत. अडॅप्टर 'ई' प्रकारचा हवा. व्होल्टेज सारखंच, २३० च्या आसपास. घरात धूरसूचक २०१५ पासून सक्तीचा आहे आणि मिरचीच्या फोडणीला तो हमखास बोंबलतो. त्याची बॅटरी काढू नका. खिडकी आधी उघडा, तेल कमी तापवा.

दुपारी रेस्तो-यु, म्हणजे विद्यापीठाची खानावळ. एका थाळीला ३.३० युरोंपेक्षा जास्त लागत नाहीत: एक मुख्य पदार्थ आणि दोन जोडपदार्थ. पैसे 'इझली' खात्यातून जातात, ते प्रवेशानंतर विद्यापीठाच्या ईमेलवर आलेल्या दुव्याने सुरू करायचं. शाकाहारी पर्याय असतो, पण नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर मासा किंवा हॅमचे तुकडे घातलेलं सॅलड पुढे येऊ शकतं. 'नी व्हियांद, नी प्वासों' असं म्हणा, दोन्ही नाही. जिलेटिन गोळ्यांत आणि मूससारख्या गोड पदार्थांत सापडतं. चीजच्या बाबतीतही कडक पाळत असाल तर वेष्टनावर 'प्रेझ्युर' (दूध साकळवायचा घटक) शब्द बघा, तो बहुधा प्राणिज असतो, कोंतेसारख्या पारंपरिक चीजमध्ये तर असतोच.

रविवारी दुपारनंतर बहुतेक दुकानं बंद असतात, नाताळच्या सुट्टीत रेस्तो-युही. शनिवारीच भरून ठेवा.

औषधं: तीन महिन्यांपर्यंतची, चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, मूळ घटकाचं नाव लिहून घ्या, तिथला फार्मासिस्ट तेच ओळखतो. चष्म्याची एक जादा जोडी नक्की न्या, नेत्रतज्ज्ञांची वेळ मिळायला फार थांबावं लागतं.

शिक्कामोर्तब

वर राहिलेलं थोडं.

नियमित डॉक्टर, म्हणजे मेदसँ त्रेतां, लवकर नोंदवा. डॉक्टरांची फी ३० युरो. नोंदणी असेल तर विमा ७० टक्के धरतो आणि दोन युरो कापतो, म्हणजे १९ परत येतात. नोंदणी नसेल तर ३० टक्केच. तातडीला फोन १५ किंवा ११२ वर.

रेल्वेने फिरायचं तर २७ वर्षांपर्यंतच्यांसाठी आव्हांताज कार्ड आहे, वर्षाला ४९ युरो, तिकिटावर ३० टक्के सूट. दोन-तीन लांबच्या प्रवासांत वसूल होतं.

काम करायची परवानगी विद्यार्थी व्हिसातच आहे: वर्षाला ९६४ तास, पूर्णवेळ कामाच्या ६० टक्के. विद्यापीठाशी लेखी करार असलेली इंटर्नशिप यात मोजत नाहीत. तास ओलांडले तर परवाना जाऊ शकतो, म्हणून पगारपत्रकांवरचे तास स्वतः मांडून ठेवा. मालक मांडेल या भरवशावर राहू नका.

आणि परवान्याचं नूतनीकरण. व्हिसा संपायच्या चार महिने आधीपासून दोन महिने आधीपर्यंत अर्ज करायचा असतो. ऑगस्टच्या अखेरीस संपत असेल तर ती खिडकी एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या अखेरीपर्यंत. नेमक्या त्याच काळात परीक्षा आणि अहवाल असतात. तारीख आत्ताच फोनमध्ये टाका. अर्ज केल्यावर आधी मिळते ती फक्त दाखल झाल्याची पावती. तिच्या आधाराने वास्तव्याचा हक्क सिद्ध होत नाही आणि परत येताना सीमेवर ती चालत नाही. त्यामुळे त्या उन्हाळ्यात भारताचं तिकीट काढण्याआधी परवान्याची स्थिती बघा. अर्जाला गुणपत्रक लागतं, कारण शिक्षण गंभीरपणे चालू आहे का हे ते तपासतात. दुसऱ्या सत्राचं आलं नसेल तर पहिल्या सत्राचं आणि सोबत विभागाकडून हजेरीचा दाखला जोडा. तो दाखला मिळायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेव्हा एप्रिलमध्येच मागून ठेवा.